पुढचं पान न सांगता

आमच्या फिल्म सोसायटीत ब्रिटिश दिग्दर्शक केन लोचचा सिनेमा दाखवला की दिवे लागल्यावर कुणी ना कुणी हटकून विचारतं, "ही माणसं अभिनय करतायत असं वाटतच नाही. हा गृहस्थ हे करून घेतो तरी कसं?" जिन्यात उभ्या उभ्या याचं उत्तर धड देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितोय.

लोच सिनेमा गोष्टीच्याच क्रमाने चित्रित करतो. एरवी एका जागेवरचे पुढचे-मागचे सगळे प्रसंग एकदमच उरकून घेतात, पैसे वाचतात. तो मात्र हा खर्च सोसतो. नटांना बहुधा पूर्ण पटकथाही मिळत नाही, पानं लागतील तशी हातात पडतात. उद्या आपल्यापुढे काय वाढून ठेवलंय हे पात्राला ठाऊक नसतं, तसंच ते नटालाही नसतं. कॅमेराही सहसा जरा लांब, कोपऱ्यात. कुणी बोलू लागलं म्हणून तोंडावर धावून जात नाही.

'आय, डॅनियल ब्लेक'मधली न्यूकॅसलची फूड बँक आठवा. गरजूंना फुकट शिधा मिळतो ती जागा. केटी मुलांना घेऊन आलीय. फळ्यांवरचं सामान घेता घेता ती पाठ वळवते, एक डबा फोडते आणि आतलं हातानेच तोंडात कोंबते. मग भानावर येते आणि शरमेने कोसळते. तिला सावरणाऱ्या बायका नट्या नव्हेत, अशाच केंद्रात काम करणाऱ्या आहेत. आमच्याकडे या प्रसंगाला मागच्या रांगेतली एक बाई उठून दारापाशी गेली आणि सिनेमा संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

लोचचा जन्म १९३६चा, इंग्लंडमधल्या ननीटनचा. ऑक्सफर्डला कायदा शिकला, पण वकिली केली नाही. बीबीसीवरच्या 'कॅथी कम होम'ने (१९६६) बेघर कुटुंबाची फरफट घरोघरी पोचवली. ऐंशीच्या दशकात मात्र हात बांधले गेले. कामगार संघटनांवरचे त्याचे माहितीपट चॅनल फोर या टीव्ही वाहिनीने दाखवलेच नाहीत. पुढे चरितार्थासाठी जाहिरातीही केल्या. कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक, पाम दोर, मिळालं ते २००६ आणि २०१६ साली, दुसऱ्यांदा ऐंशीच्या उंबरठ्यावर. 'द ओल्ड ओक' त्यानंतरचा, २०२३चा. पण मला या पारितोषिकांपेक्षा ती अडलेली वर्षं मोठी वाटतात. तेव्हा सोपे विषय हाती घेतले असते तर त्याला कुणी अडवलं नसतं.

एका बाबतीत माझं मन त्याच्याशी भांडतं. त्याचा 'केस' (Kes, १९६९) हा सिनेमा इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या खाणकामगार वस्तीतला. मुख्याध्यापकांच्या खोलीत मुलांना छड्या बसतात, आणि त्या खऱ्याच मारलेल्या आहेत. एक पोरगा तर नुसता निरोप घेऊन आलेला असतो, त्यालाही रांगेत उभं करतात. त्याचे डोळे भरतात ते दुखल्यामुळे. कलेसाठी मुलाला एवढं सोसायला लावावं का? माझं उत्तर नाही असंच आहे. तरी हा सिनेमा मी दरवर्षी दाखवतो, कारण शाळेत लहान पोरांचा असा विनाकारण होणारा अपमान इतका स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा 'केस' आहे. तो प्रसंग आला की मुख्याध्यापकांकडे बघू नका, त्या निरोप्या पोराच्या हातांकडे बघा.