सुप्याच्या माळावरचे चिंकारे : पुण्याहून एका दिवसात

मयूरेश्वर अभयारण्यात जाणार असाल तर वाघ-बिबट्याचा विषय घरीच मिटवून निघा, विशेषतः मुलं सोबत असतील तर. बारामती तालुक्यात सुप्याजवळचा हा माळ आहे जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचा. १९९७ मध्ये चिंकारा या छोट्या हरणासाठी तो राखून ठेवला. खुरटं गवत, बाभळी-बोरी आणि मुरूम, एवढंच जंगल.

आम्ही पहाटे अंधारातच पुणे सोडलं. सोलापूर रस्त्याने यवत, पुढे चौफुल्याला उजवीकडे वळलं की सरळ सुपे. अंतर साधारण सत्तर किलोमीटर. उशीर केलात तर हडपसरलाच सकाळ संपेल, आणि इथे खरी गंमत उन्हं चढायच्या आधीच असते. नंतर हरणं झुडपांच्या सावलीत बसतात.

आत गाडी कच्च्या रस्त्याने अगदी हळू न्यायची, मध्येच इंजिन बंद करायचं आणि काचा खाली घेऊन गप्प बसायचं. चिंकाऱ्याचा रंग मातीत असा मिसळतो की समोर उभा असला तरी कळत नाही. आधी दिसते ती सारखी हलणारी काळी शेपटी. मग चेहऱ्यावरचे पट्टे, मग शिंगं. शिंगं मादीलाही असतात, फक्त आखूड आणि बारीक, नराची वळ्यावळ्यांची. त्यामुळे 'शिंगं आहेत म्हणजे नर' हा हिशेब इथे चालत नाही. काळविटापेक्षा हा प्राणी बराच लहान, खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास.

गाडीला ही हरणं फारशी बिचकत नाहीत, पण माणूस खाली उतरला की संपलं, क्षणात पसार. आमच्या पुढच्या गाडीतली मंडळी सेल्फीसाठी उतरली आणि सगळा कळप टेकाडापलीकडे गेला. वैतागून काय करणार! रस्ता सोडून गवतात गाडी घालणारेही भेटतात. टिटव्या, चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. चाकाखाली गेली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

दुर्बीण न्याच, मोबाइलच्या झूमवर विसंबू नका. हिवाळ्यात गेलात तर गवताला लागून तरंगत जाणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दिसतील. ते हजारो किलोमीटरवरून येतात. खोकड, म्हणजे छोटा कोल्हा, दिसलं तर नशीब समजा. तरस आणि लांडगेही या भागात आहेत, पण त्यांच्या भरवशावर बेत आखू नका.

पाणी, डबा आणि टोपी घरूनच न्या, सावली फार कमी आहे. नाश्ता सुप्यात करा. उरलेल्या दिवसात मोरगावचा गणपती आणि जेजुरी करून सासवडमार्गे परतता येतं. फक्त रविवार किंवा सोमवती अमावस्या असेल तर जेजुरी वगळा.