काकांच्या फियाटचं इंजिन पुन्हा चालू करताना

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला नवी बॅटरी जोडून एकदा सेल्फ मारून बघायचा मोह कुणालाही होतो. तो आवरा, हे मी सगळ्यात आधी लिहिते. अशा इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरला धरून बसलेल्या असतात, बेअरिंगवरचं तेल केव्हाच ओघळून गेलेलं असतं, एखादा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. त्यावर स्टार्टर मोटरने जोर लावला की रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडा पडतो, नाहीतर पुशरॉड वाकतो. साफसफाईवर भागलं असतं तिथे मग बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि नवे पिस्टन येऊन बसतात.

आमची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७६ची. घरात तिला सगळे फियाटच म्हणतात. काका मिरजेजवळच्या एका गावात डॉक्टर होते आणि रात्रीबेरात्री व्हिजिटला याच गाडीने जायचे. १९९७ साली ते गेले, आणि गाडी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती तिथेच राहिली. मध्यंतरी काकूचा फोन आला, "शेड पाडायचीय. भंगारवाला बघून गेलाय. तुला हवी असेल तर घेऊन जा बाई." मी टेम्पो ठरवला आणि गाडी कोल्हापूरला, उद्यमनगरात आणली. तिथे क्रँक घासण्यापासून हेड (सिलिंडरवरचं झाकण) फेस करण्यापर्यंत सगळं चार गल्ल्यांच्या आत होतं, आणि फियाट कोळून प्यालेले एक मिस्त्रीकाका अजून रोज दुकानात येऊन बसतात.

पहिला वाद इंजिनावरूनच झाला. "मारुतीचं इंजिन टाका, कटकट संपली," असं मला जवळपास प्रत्येकाने सांगितलं. अशा गाड्या मी पाहिल्या आहेत, त्या चालतातही चांगल्या. पण ही गाडी म्हणजे मुळात तिचं १०८९ सीसीचं इंजिन आहे. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, चार सिलिंडर, एक सोलेक्स कार्ब्युरेटर. इटलीत ही गाडी, म्हणजे फियाट ११००, १९६९ साली बंद झाली, आणि आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती पुढे तीन दशकं बनत राहिली. ते इंजिन काढून टाकलं तर माझ्याकडे फक्त काकांच्या गाडीचा पत्रा उरला असता. मी नाही म्हटलं. मिस्त्रीकाकांनी मान डोलावली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. काम त्यांनी घेतलं होतं.

सुरुवात उंदरांपासून झाली. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस, सुतळी आणि काकांच्या औषधाच्या पाकिटांचे तुकडे यांचं घरटं होतं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. ते सगळं काढून, प्लगच्या भोवतीची धूळ हवेने उडवून मगच चारही प्लग खोलले. ही धूळ आधी उडवायचीच, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

मग प्लगच्या भोकातून तारेचा छोटा कॅमेरा आत सोडला. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर तपकिरी पण गुळगुळीत दिसला. तिसऱ्यात मात्र पिस्टनच्या जरा वर गंजाचं कडं होतं. इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच, आणि तिथून कार्ब्युरेटरच्या किंवा सायलेन्सरच्या वाटेने दर पावसाळ्यात दमट हवा आत जाते. आमच्या गाडीत तो मान तिसऱ्याकडे आला होता.

मिस्त्रीकाकांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून चारही भोकांत ओतलं. (हे मिश्रण पेटतं, तेव्हा आसपास बिडीकाडी नको.) आणि मला म्हणाले, "ताई, आता हिला हात लावायचा न्हाई. तेल सोडायचं आन् इसरून जायचं." मी विसरले नाही, पण हात लावला नाही. तेल जिरलं की ते पुन्हा थोडं ओतायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांनी खालचं पत्र्याचं झाकण काढलं, फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाच्या) दात्यांत पहार अडकवली आणि अगदी हलका जोर दिला. काही नाही. उलट्या बाजूने दिला. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. असं होत होत एके दुपारी तो दाता केसभर सरकला. त्यांनी तिथेच हात थांबवला आणि मला बोलावलं. "या, तुमी फिरवा." पहार माझ्या हातात दिली. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. ओंजळभर गंजकं पाणी आणि तेल प्लगच्या भोकातून बाहेर आलं आणि क्रँकचा पूर्ण फेरा झाला. मला भरून आलं होतं.

फिरलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं तर तिसरा सिलिंडर जवळजवळ रिकामा दाखवत होता. हेड काढावंच लागलं, आणि या इंजिनात सगळ्यात नाजूक काम तेच. लोखंडी स्टड आणि ॲल्युमिनियमचं हेड यांच्यामध्ये पांढरी पूड धरते आणि हेड स्टडवर घट्ट बसतं. पेचकस घालून उचकटलं तर हेडचा सपाट भाग खराब होतो. आम्ही स्टडच्या मुळाशी डिझेल मिसळलेलं तेल सोडत राहिलो आणि लाकडी हातोडीने चारही बाजूंनी ठोकत राहिलो, अगदी हलके. निघालं तेव्हा तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यावर) गंजाचे खड्डे होते. व्हॉल्व्ह नवा घातला, सीट कापून घेतली, बाकीच्यांना पेस्ट लावून हाताने लॅपिंग केलं. लॅपिंग मी केलं. काठीच्या टोकाच्या रबराने व्हॉल्व्ह पकडून दोन्ही तळव्यांत घुसळायचा, रवीसारखा, आणि मधूनमधून उचलून जागा बदलायची. सीटवर सलग राखाडी कडं उमटलं की समजायचं, बसला.

खाली सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) तेल नव्हतंच, डांबर होतं. चमच्याने खरवडून काढलं, तेलपंपाची जाळी रॉकेलमध्ये भिजवली. पिस्टन वरून काढले. तिसऱ्याच्या रिंगा खाचेत चिकटल्या होत्या. सिलिंडरला होन मारल्यावर (आतून हलकं घासल्यावर) गंजाची नुसती सावली राहिली, नखाला काही लागत नव्हतं, म्हणून बोअरिंग टळलं. नव्या स्टँडर्ड साइजच्या रिंगा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागवल्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली आणि तेव्हापासून सुट्या भागांचा ओघ आटत चाललाय. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी हेड पॅकिंग, वॉटरपंपचं किट आणि पॉइंट आत्ताच घेऊन ठेवावेत.

ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल टोप्या काढल्या तेव्हा पाण्याच्या वाटेतून लाल चिखल पडला. तार घालून आणि पाइपाचं पाणी सोडून तो स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला. रेडिएटर वेगळा साफ करून घेतला. पेट्रोलच्या टाकीत लाखेसारखा थर आणि वॉर्निशचा वास होता. ती सध्या बाजूला ठेवली. गाडीतल्या पेट्रोलपंपाचा पडदा कडक होऊन चिरला होता. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, आणि बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्याच घेतल्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि १९७६चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं.

डेल्कोचं (चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागाचं) काम त्यामानाने झटपट झालं. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर नवा घातला, फिलर गेजने गॅप लावला. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून दाब कधी येतो ते बघितलं, खूण जुळवली, बल्ब लावून टायमिंग बसवलं, वायरी १-३-४-२ या क्रमाने जोडल्या.

सुरू करण्याआधी प्लग न लावता सेल्फ मारत राहिलो, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. रॉकरवर तेल चढलेलं डोळ्यांनी पाहिलं, तेव्हाच प्लग लावले. पेट्रोलसाठी मिस्त्रीकाकांनी काकांच्या दवाखान्यातला सलाइनचा स्टँड मागवला होता; त्याला बाटली टांगली आणि नळी थेट कार्ब्युरेटरला. सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमधून एक फटाका उडाला. डेल्को जरासा फिरवून पुन्हा मारला, आणि इंजिन धरलं. आधी दोनच सिलिंडर, मग तिसरा, मग चारही. निळापांढरा धूर इतका झाला की समोरच्या लेथवाल्यांनी काम थांबवलं. मिस्त्रीकाका एका हाताने थ्रॉटल सांभाळत होते आणि दुसऱ्या हाताने मला ऑइलचा दिवा बघायला खुणावत होते. तो विझलेलाच होता.

काही मिनिटांतच बंद केलं. थंड झाल्यावर हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा आवळले, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) पुन्हा लावले, आणि थोडं चालवून सगळं तेल बदललं, कारण पहिल्या तेलात उरलासुरला गंज उतरतो. आता कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं आहे, तिसरा किंचित कमी. आयडलिंगला इंजिन एकसारखं चालतं.

ब्रेकचे व्हील सिलिंडर चारही जाम आहेत आणि टाकी अजून रिकामी पडून आहे. पुढच्या आठवड्यात टाकी धुवायला द्यायची आहे, ब्रेक त्यानंतर. आरटीओची पायरी चढायची ती ब्रेक लागल्यावरच. काकूला मी फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "चोक जास्त ओढलास. हे म्हणायचे, थोडाच ओढायचा."