डावीकडचं काहीतरी

पाडव्याला संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं आणि प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायचा असं ठरलं. यादी ग्रुपवर फिरत फिरत आमच्यापर्यंत पोचली तेव्हा दुपारची जेवणं होऊन मी जरा आडवा झालो होतो. तोवर श्रीखंड गेलं होतं, पुऱ्या गेल्या होत्या, बटाट्याची भाजी दोघींनी मिळून धरून ठेवली होती आणि मसालेभातावर तिसऱ्या मजल्यानं इतक्या घाईनं हक्क सांगितला होता की 'मसलेभत' असं उमटलं होतं. आमच्यासाठी उरलं होतं 'डावीकडचं काहीतरी', म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढायचं तोंडीलावणं. यादी करणाऱ्या काकूंनी शब्दशः तसंच लिहिलं होतं.

"ते तू कर," बायको म्हणाली. "तुझं मशीन आहे ना."

आमच्या घरात मिक्सर आपला असतो, फ्रिज आपला असतो, गीझर बिघडला तरी आपलाच असतो. एअर फ्रायर तेवढा माझा. तो ओट्यावर जागा अडवतो तेव्हा माझा, वीजबिल आलं की माझा, आणि पाहुण्यांना त्यातली रताळ्याची कापं आवडली की मात्र 'आमच्याकडे नं, हल्ली तळतच नाही आम्ही'.

प्रकार तसा साधा आहे. वर कॉइल, तिच्या डोक्यावर पंखा, खाली जाळीचा डबा. तापलेली हवा जोरात फिरते, पदार्थाच्या अंगावरचं पाणी उडतं आणि वरचा थर खमंग होतो. छोटी, तापट भट्टीच म्हणायची. फिलिप्सनं 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही वस्तू मांडली. कल्पना फ्रेड फान देर वाय नावाच्या एका डच माणसाची. त्याला कढईभर तेलाशिवाय कुरकुरीत फ्राइज हव्या होत्या. त्या गृहस्थाच्या मनात बटाटा होता हे यंत्र वापरताना पदोपदी जाणवतं. बटाट्याच्या काचऱ्या, रताळी, सुरणाची कापं, रवा आणि तांदळाची पिठी लावलेली वांग्याची कापं यांच्याशी ते सज्जनपणे वागतं. कांदाभजी म्हटलं की त्याचं डोकं फिरतं. तेलात पडल्या पडल्या पीठ जागच्या जागी धरतं. हवेला तेवढी घाई नसते, त्यामुळे पीठ जाळीतून खाली ओघळतं आणि वर पिवळट कांदे बसून राहतात. पापड हलका, तो पंख्याच्या ओढीनं उडून थेट कॉइलला चिकटतो. वर स्टीलची जाळी ठेवून त्याला दाबून धरावं लागतं. एका पापडासाठी एवढा बंदोबस्त! कुरडईबद्दल तर बोलूच नये. तेलात क्षणात चौपट फुलणारी ती बाई इथं आहे तशीच राहते, फक्त रंग बदलते.

कोथिंबीर वडी मात्र जणू या डब्यासाठीच जन्माला आली आहे. ती आधीच उकडलेली असते, पीठ धरलेलं असतं, ओघळायला काही नसतं. माझी पद्धत सांगतो. जुडी निवडून, धुऊन, पंचावर अगदी कोरडी करायची. हे टाळणाऱ्यांच्या वड्या गिचका होतात आणि मग ते बेसनाला दोष देतात. बेसन, थोडी तांदळाची पिठी, तीळ, हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, हळद, हिंग, चिमूटभर साखर. कोथिंबिरीला मीठ लागलं की ती आपणहून पाणी सोडते, म्हणून पाण्याचा हात बेताचा. उंडे करून पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. इथं बहुतेकांचा धीर सुटतो आणि सुरीला वडी चिकटते. मग बोटभर जाडीच्या वड्या, दोन्ही अंगांना ब्रशनं तेल, 180 अंशांवर बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. दहाव्या मिनिटाला तीळ तडतडू लागतात. यंत्राच्या घुंईमध्ये तो आवाज लपतो, पण कान लावला तर येतो. कडा आधी तांबूस होतात, मधला भाग हिरवाच राहतो. तो हिरवा असतानाच काढायच्या.

ब्रशनं तेल लावायचं म्हणजे लावायचं. मला या बाबतीत एक खोड आहे. 'तेलाचा थेंब नाही हं यात' असं सांगत पदार्थ पुढे करणारी माणसं मला सहन होत नाहीत. समोरच्याच्या हातात वडी आहे, तोंड उघडलेलं आहे, आणि तुम्ही त्याला रक्ततपासणीची आठवण करून देता. पदार्थात काय नाही हे ऐकून आजवर कुणाची जीभ खवळलेली नाही. शिवाय थेंबही नसलेली वडी कोरडी ठाक लागते, घशाखाली उतरायला ताक लागतं. चमचाभर तेल घालावं आणि त्याविषयी चकार शब्द काढू नये.

आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात पाडव्याला पंगत बसायची. मधल्या खोलीतल्या लाकडी खाटा उभ्या करून भिंतीला टेकवल्या की दोन रांगा मावायच्या. डावी बाजू वाढायचं काम आम्हा पोरांकडे असे, कारण त्यात सांडून नुकसान होण्यासारखं काही नसे. मीठ वर मधोमध. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर असं खाली उतरत यायचं. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे हवं. ते कुणी उलटं मांडलं तर माझे मोठे काका पानावर बसत नसत, नुसते उभे राहून पानाकडे बघत. बोलत नसत. त्या बघण्याला आम्ही इतके घाबरायचो की आजही कुणाच्या ताटात चटणी उजवीकडे दिसली की मला माझंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

वड्या तळणीतून थेट पंगतीत यायच्या. आजी आत स्टोव्हजवळ पाटावर बसलेली. तिच्या मागे दाराच्या चौकटीत आमची गर्दी, कारण नैवेद्य दाखवून झाला की मोडकी वडी पहिल्यांदा दारात उभ्या असलेल्यालाच मिळायची. तेल तापलं की नाही हे ती पिठाचा कण टाकून बघायची आणि कण वर यायच्या आतच तिला ते कळलेलं असायचं. झाऱ्यानं वड्या काढून, कढईच्या काठावर क्षणभर निथळून, वर्तमानपत्रावर. कागदावर तेलाचे गोल उमटत आणि खालची बातमी पलीकडून दिसू लागे. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ती पानावर बसायची ती ताकभात घेऊन. वडी वाढायला गेलं तर हातानंच 'नको' म्हणायची. तळणाऱ्याची भूक मरते, हे वाड्यातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. तासभर तेलाच्या वासात बसलं की पोट न खाताच भरतं. त्यामुळे तिला गरम वडी आवडायची की नाही, याचा घरात कुणाला पत्ताच नव्हता. आम्ही तर असं धरून चाललो होतो की आज्यांना ताकभातच आवडतो.

असो. खरं तर चैत्रातल्या डावीकडच्या गोष्टींना कढईही लागत नाही आणि यंत्रही. मंडईत कैऱ्यांचे ढीग लागलेले असतात. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची, त्यात कैरी किसायची, वरून हिंग-मोहरीची सढळ फोडणी. झाली आंब्याची डाळ. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पाडव्यानंतर अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर हीच डाळ, पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. उन्हाळा दारात आलेला असताना गार, आंबट, कच्चं खावं, हे पुण्यातल्या बायकांना कुठल्याही आहारतज्ज्ञाआधी कळलं होतं. कैरीचा तक्कू, कोवळ्या काकडीची खमंग काकडी. ओटा गरमसुद्धा होत नाही. मग मी वड्याच का धरून बसलो? आंब्याची डाळ यादीत आधीच गेली होती, हे एक. आणि यंत्र घेतल्यापासून त्याचे पैसे वसूल करण्याची एक जबाबदारी माझ्या डोक्यावर बसली आहे, हे दुसरं. त्यापायी मी शेंगदाणेही त्यातच भाजतो, 160 वर आठ-दहा मिनिटं, आणि सालं हाताला न लागता निघतात म्हणून सगळ्यांना ऐकवतो. भरताचं वांगंही भाजून पाहिलं. भाजतं छान, सोलतंही झटकन, पण विस्तवाचा वास कुठून आणणार? ते भरत नव्हे, वांग्याची शिकरण.

आता हॉल. तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न खाण्याचा नसतो, प्लगचा असतो. हे यंत्र दीड हजार वॉट खातं, म्हणजे साडेसहा अँपिअर; पंख्याशेजारच्या लहान प्लगला ते झेपत नाही, सोळा अँपिअरचाच लागतो. आमच्या हॉलमध्ये तसा प्लग एकच, आणि तो पाण्याच्या कूलरच्या मागे, कोपऱ्यात. म्हणजे गुढीकडे तोंड करून सगळी सोसायटी गप्पा मारत असताना मी भिंतीकडे तोंड करून उभा.

दुसरी अडचण गणिताची. जाळीत वड्या एकावर एक रचल्या की हवेला फिरायला वाट राहत नाही आणि त्या पुन्हा उकडू लागतात. एका थरात बसतात जेमतेम डझनभर. माणसं चाळीस, खेपेला बारा मिनिटं. घरून करून न्याव्यात तर हॉलपर्यंत जाईस्तोवर मऊ पडतात. त्यामुळे खेप निघाली की ताटली फिरते, चार जणांना मिळते, पाचवा 'पुढची कधी?' असं विचारून जातो आणि मी टायमरकडे बघत राहतो. लहान मुलं दोन मिनिटं येऊन बसतात, डबा बाहेर ओढायला बघतात, आत काहीच उडत-उसळत नाही हे कळलं की निघून जातात.

आणि भूक? ती बिलकूल मरत नाही. तेलाचा वास नाही, धूर नाही, नुसती भाजलेल्या तिळाची झुळूक दर बारा मिनिटांनी नाकावर येते आणि आग आणखी भडकवते. शेवटची खेप काढून, यंत्राची वायर गुंडाळून मी जेवायला वळतो तेव्हा मसालेभाताची खरवड असते, पुऱ्या वातड झालेल्या असतात, आणि श्रीखंडाचं पातेलं कुणीतरी चाटूनपुसून विसळायलाही नेलेलं असतं.