शॉर्टकट उघडला, पण फाइल जुनीच

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी संस्थेच्या जुन्या इतिवृत्तांचं स्कॅनिंग आमच्याकडे होतं. पानं आणि त्यांच्या सूची वर्षवार फोल्डरांत. 'देणग्या', 'गणेशोत्सव', 'वाचनालय' अशा विषयवार फोल्डरांत त्याच फाइलींचे शॉर्टकट. सगळं हार्ड डिस्कवर कॉपी केलं आणि संस्थेचे कार्यवाह काका आमच्याच संगणकावर डिस्क तपासायला बसले.

त्यांनी डिस्कवरच्या 'देणग्या'तल्या शॉर्टकटने सूची उघडली, एका देणगीदाराचं आडनाव दुरुस्त केलं, सेव्ह केलं. मग डिस्कवरच्याच वर्षाच्या फोल्डरमधून तीच सूची उघडली, तर आडनाव जुनंच!

"अहो, आत्ता बदललं ना मी?"

बदललं होतं, पण आमच्या सी ड्राइव्हवरच्या मूळ फाइलीत. विंडोजचा शॉर्टकट फाइलीचा पूर्ण पत्ता धरून असतो. फोल्डर कॉपी केला तरी आतल्या शॉर्टकटमधला पत्ता तोच राहतो, आणि मूळ फाइल जागेवर असेल तर तीच उघडते. शॉर्टकट उघडलाच नसता तर निदान लगेच कळलं असतं. इथे सगळं सुरळीत दिसतं आणि दुरुस्त्या भलतीकडे जमा होतात. जुन्या कागदांच्या कामात याहून वाईट काय असणार?

सिम्बॉलिक लिंक हा शॉर्टकटसारखाच दुसरा दुवा; त्यात सापेक्ष पत्ता, म्हणजे दुव्याच्या जागेपासून मोजलेला पत्ता, देता येतो. पण डिस्क एक्सफॅट या फाइल-रचनेची होती. तिथे अशी लिंक चालत नाही. शेवटी प्रत्येक शॉर्टकटच्या जागी एका ओळीची बॅच फाइल केली, म्हणजे उघडताच आत लिहिलेली आज्ञा चालवणारी फाइल: स्टार्ट, रिकामी अवतरणचिन्हं, मग अवतरणांत पत्ता. पत्त्याची सुरुवात टक्का-टिल्डे-डी-पी-शून्यने (%~dp0). याचा अर्थ, ही बॅच फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर. पुढे दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर, तिथून वर्षाचा फोल्डर आणि फाइल. ड्राइव्हचं अक्षर कुठेच नाही. सूचींची नावं इंग्रजीत होती हे बरं झालं; बॅच फाइलच्या आत देवनागरी नावं असली की एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा, घोळ होतो. ओळी हाताने लिहिल्या नाहीत, एक्सेलमधल्या यादीवरून तयार केल्या.

तपासताना आमच्याकडच्या मूळ फोल्डरचं नाव आधी बदलून टाकलं, म्हणजे चुकून तिथलीच फाइल उघडायला नको. मग डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली, तिथे तिला वेगळं अक्षर मिळालं. काकांनी 'देणग्या'तून आडनाव पुन्हा दुरुस्त केलं. या खेपेला ते वर्षाच्या फोल्डरमध्येही बदललेलं होतं. मग काका 'गणेशोत्सव'कडे वळले आणि एकेक फाइल उघडून बघत बसले. मीही त्यांना घाई केली नाही.