पाच जूनला आमच्याकडे कुणालाही वेळ नसतो

मे संपत आला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "यंदा पर्यावरण दिनाला काय करायचं?" आणि खाली धडाधड अंगठे. सगळ्यात जास्त अंगठे चाकरमान्यांचे, कारण पाच जूनपर्यंत ते मुंबईला पोचलेले असतात.

तारीख युनोची, १९७३ पासून जगभर पाळतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या आठवड्यात सिंधुदुर्गात, मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात माणूस काय करत असतो ते येऊन बघा एकदा. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं अंगावर आलेली असतात, लाकडं आत घ्यायची, कौलं परतायची, पडवीला झापं बांधायची, आमसुलं आणि सुकी मासळी डब्यात भरायची, भाताचा तरवा पेरायचा, आणि एक जूनपासून मासेमारी बंद म्हणजे होड्या वर ओढून शाकारायच्या. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, म्हणजे पोरंपण नाहीत. मग कार्यक्रमाला कोण तर सरपंच, ग्रामसेवक, चार हौशी लोक आणि एक फोटो काढणारा. रोपं कुठली तर नर्सरीत शिल्लक असतील ती, बहुतेक गुलमोहर. कोकणात येऊन गुलमोहर लावायचा म्हणजे कमाल आहे, इथं जांभूळ आहे, किंजळ आहे, सुरंगी आहे, रतांबा आहे, पण असो.

एका वर्षी असंच सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्याच्या माळावर, वृक्षारोपण झालं, भाषणं झाली, वडापाव झाले, आणि खाली उतरताना शेजारचे आबा म्हणाले, "पाच जूनाक झाडां लावतास ती बरी, पण फागणात सडो पेटता तेवा खंय असतास रे तुमी?" कुणाकडे उत्तर नव्हतं. पावसात रोप आपोआप जगतं हो, कोकणात काठी रोवली तरी फुटते, खरा प्रश्न फेब्रुवारी-मार्चचा. गवत कमरेएवढं वाळलेलं, कुणीतरी विडी टाकतो नाहीतर बांधावरचा पाला जाळताना वारा सुटतो आणि वणवा थेट काजूच्या बागेत. लावलेली रोपं तर जातातच, धरती कलमं पण जातात.

तर आता आम्ही उलटं करतो. जानेवारीत, काजूला मोहोर येत असतो तेव्हा, सड्याच्या कडेनं गवत कापून जाळरेषा काढायची, म्हणजे वणवा अडेल असा मोकळा पट्टा. ह्याला माणसं बोलवावी लागत नाहीत, ज्याची बाग जवळ तो स्वतःच कोयता घेऊन हजर, वर गड्यालापण आणतो. पर्यावरण हा शब्द कुणी उच्चारतसुद्धा नाही. आणि रेषेच्या आत जी जांभळं-किंजळं आपोआप उगवलीयत ती लावलेल्या झाडांपेक्षा जोरात आहेत, ते बघून आबांना केवढं समाधान!

माझं म्हणणं एवढंच आहे की कार्यक्रम गावाच्या कॅलेंडरात बसला तरच टिकतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं बघा ना. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढं त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पण त्याची तारीख कुठल्या साहेबाच्या सवडीनं ठरत नाही. अंड्यातून पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, ती जेव्हा येतील तेव्हा महोत्सव, लोक गावातल्याच घरांत राहतात, तिथंच जेवतात, म्हणजे घरटी राखण्यात घरच्या चुलीचा पण फायदा. आमच्या बाजूला वायंगणीलाही कासवांचं काम चांगलं चालतं.

बंधाऱ्याचं तसंच. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वरच्या वाडीतल्या बायका कळशा घेऊन खाली येतात, हे बाहेरच्याला सांगितलं तर खोटं वाटतं. पण खाली जांभा, वर उतार, आणि समुद्र हाकेवर, पाणी थांबेल कशाला. त्यावर उपाय म्हणजे वनराई बंधारा, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि वहाळात, म्हणजे ओढ्यात, आडवी रचायची, सांधे मोडून, भिंतीच्या विटा रचतात तशी. मागं पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरींना झिरपतं, ज्यांच्या विहिरी वहाळाकाठी आहेत ते सांगतात की त्या उशिरा आटतात. हे काम पाऊस पूर्ण गेल्यावर आणि वहाळ वाहता असतानाच करायला लागतं, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. लवकर बांधलात तर अवकाळी पाऊस येऊन वाहून नेतो, उशीर केलात तर अडवायला पाणीच नाही. आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे जत्रांचे दिवस, रात्रभर दशावतार, चाकरमानीपण दोन दिवस आलेले. म्हणून जत्रेनंतरचा रविवार धरायचा ठरला. रात्री राजा झालेला माणूस सकाळी पोतं उचलतो, तोंडावरचा रंग अजून पुरता गेलेला नाही, आणि बाकीचे "महाराज, हंय ठेवा, हंय" करून त्याची फिरकी घेतात.

ह्यात एक भानगड आहे जी कुणी सांगत नाही. ही पोती प्लास्टिकची असतात. उन्हात त्यांचे धागे सुटतात आणि पहिल्या पावसात सगळं समुद्रात. म्हणजे डिसेंबरात आपण पाणी वाचवायचं आणि जूनमध्ये आपलंच प्लास्टिक माशांना वाढायचं. तर मे महिन्यात वहाळ कोरडा पडला की पोती रिकामी करून वर काढायची, हा दुसरा कार्यक्रम, त्याला फोटो काढणारा येत नाही. पण चाकरमानी तेव्हा गावात असतात आणि संध्याकाळी रिकामे असतात, त्यांना कामाला लावायचं.

किनारा सफाईबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. जगभरचा दिवस सप्टेंबरातला तिसरा शनिवार, तो कधी नेमका गणपतीत येतो, आणि समुद्र तेव्हा अजून कचरा फेकतच असतो. आम्ही दसऱ्याच्या मागंपुढं करतो, दर्या निवळलेला असतो. निघतं तेच ते, थर्माकोल, बाटल्या, जाळ्याचे तुकडे, आणि एकेका पायाच्या चपला, दुसरा पाय कुठल्या किनाऱ्याला लागतो देव जाणे. मर्यादवेल उपटू नका एवढं मात्र दरवेळी ओरडून सांगायला लागतं, वाळू तीच धरून ठेवते. खरी पंचाईत नंतरची, भरलेली पोती ठेवायची कुठं? वेंगुर्ल्याला नगरपरिषदेनं कचरा डेपोच असा केला की लोक तो बघायला यायला लागले, वेगळं काढलेलं प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेलं. गावांकडे असं काही नाही. एका वर्षी आमची पोती रस्त्याच्या कडेला इतके दिवस पडून राहिली की कुत्र्यांनी फाडली आणि निम्मं परत गटारात. तेव्हापासून आधी गाडीची सोय, मग सफाईची तारीख.

आणि ताटं! हा माझ्या मते सगळ्यात भारी कार्यक्रम, जरी त्याला कुणी कार्यक्रम म्हणत नाही. राज्यात प्लास्टिक-थर्माकोलची बंदी २०१८ ला आली, म्हणून देवळातल्या महाप्रसादाला कागदी प्लेटा आल्या, आणि त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर, म्हणजे बंदी कागदावर. बचत गटातल्या काकींनी स्टीलची ताटं, वाट्या, पेले घेतले, कुणी आईच्या नावानं दिले, कुणी मुलाच्या लग्नानिमित्त, आणि आता ती गावात कुणाच्याही कार्याला मिळतात, भाडं नाममात्र. सुरुवातीला पुरुषमंडळींचा एकच सवाल, घासणार कोण? काकी म्हणाल्या, "जेवतलो तो." ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं, राख आणि नारळाचं सोडण ठेवलेलं असतं. पहिल्या वर्षी काहीजण तोंड वाकडं करून घरी जाऊन जेवले. आता माजी सरपंचपण रांगेत असतात, फक्त त्यांचं ताट दुसऱ्यांदा घासावं लागतं.

केळीची पानं का नाही असं विचारणारे आहेत, वाद चालू आहे. माझं मत, सत्यनारायणाला पान ठीक, हजार माणसांना पानं आणायची तर केळीच्या बागा बोडक्या होतील.

तर यंदा पण जत्रेनंतरच्या रविवारी बंधारा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. फावडं असेल तर आणा. नंतर पेज, खोबऱ्याची चटणी आणि भाजलेला सुका बांगडा, शाकाहारींना पापड. आणि कुणाच्या घराचं बांधकाम चालू असेल तर सिमेंटची पोती मधोमध फाडू नका, वरची शिवण सोडवून रिकामी करा आणि बाजूला ठेवा, आम्ही टेम्पो घेऊन येतो.