लेगवॉर्मरमधली चळवळ

सकाळी यूट्यूब लावून मॅटवर हातपाय हलवणारे आपण सगळे एका अर्थी हॉलिवूडची नटी जेन फोंडा हिचे देणेकरी आहोत. टीव्हीसमोर, घरच्या घरी, कुणी बघत नाही म्हणून बिनधास्त व्यायाम करायचा हे खूळ घरोघरी पोचवलं ते तिने. १९८२ ला तिची वर्कआउटची व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा ती ४४ वर्षांची, दोन ऑस्कर घरात, आणि ही बाई पट्ट्यापट्ट्यांचा लिओटार्ड अन् लेगवॉर्मर घालून पाय वर करत्येय!

मुळात हे सुरू झालं पाय मोडला म्हणून. 'द चायना सिंड्रोम'च्या शूटिंगला फ्रॅक्चर झालं, बॅले बंद पडलं, मग ती एरोबिक्सकडे वळली. (अणुभट्टीतल्या गडबडीवरचा हा सिनेमा मार्च १९७९ मध्ये लागला आणि १२ दिवसांत अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात खराखुरा अपघात झाला, आता बोला.)

पण मला खरी गंमत वाटते ती पैशाची. वर्कआउटची कमाई जायची ती आणि तिचा तेव्हाचा नवरा टॉम हेडन चालवत असलेल्या 'कॅम्पेन फॉर इकॉनॉमिक डेमोक्रसी' या डाव्या विचारांच्या संघटनेला. म्हणजे कुठल्यातरी गावात एखादी बाई पोट कमी करायला घाम गाळत्येय, तिचा नवरा 'हनोई जेन' म्हणून हिला शिव्या घालतोय, आणि पैसे मात्र त्याच्याच खिशातून चळवळीला चाललेत. शिव्या का, तर १९७२ ला व्हिएतनाम युद्ध चालू असताना ही हनोईला, म्हणजे थेट शत्रूच्या, उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत गेली आणि तिथल्या विमानविरोधी तोफेवर बसून हसतानाचा फोटो निघाला. युद्धाला विरोध ठीकच होता, पण तो फोटो म्हणजे शुद्ध बावळटपणा, नंतर तिने स्वतःच सैनिकांची माफी मागितली. तरी राग धरणारे अजून धरून आहेत.

दुसरी कुणी असती तर गप फार्महाऊसवर जाऊन बसली असती. ही २०१९ मध्ये, ८१ व्या वर्षी, लालभडक कोट घालून दर शुक्रवारी वॉशिंग्टनला हवामान बदलासाठी निदर्शनं करायला उभी, वर सांगून मोकळी की हा मी विकत घेतलेला शेवटचा कपडा. पोलिसांनी पकडून न्यायचं हे तर ठरलेलंच. त्यातल्या एका शुक्रवारी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट संस्थेचा पुरस्कार होता तिला, तर अटक होत असतानाच कॅमेऱ्याकडे बघून आभार मानले आणि गेली पोलिसांबरोबर.