चोर, कंदील आणि पेन्सिल

जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलं की साफसफाई सोडून बाकी सगळं होतं, तरी आपण बसतोच. परवा दुपारी तेच चाललेलं. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात 'न्यू फोल्डर', त्यात 'जुनं सगळं', आणि पार तळाशी झॉर्क, चित्रं नसलेला, इंग्रजीत हुकूम टाइप करून खेळायचा जुना गेम. दोन फाइली. एक गेम सुरू करणारी, दुसरी नुसता डेटा. पहिलीवर क्लिक केलं तर हे या कॉम्प्युटरवर चालणार नाही म्हणून सरळ हाकलून दिलं. मग दुसरी, शंभर केबीसुद्धा नसलेली, असे जुने गेम चालवणाऱ्या फ्रॉट्झ नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि मी थेट त्या पांढऱ्या घराच्या पश्चिमेला उभी. दाराला फळ्या ठोकलेल्या, समोर छोटीशी टपालपेटी, आणि खाली लुकलुकणारा कर्सर. हार्ड डिस्क राहिली ती अजून राहिलेलीच आहे.

पहिलं काय टाइप केलं ते सांगायला नको. पेटी उघडली. आत एक पत्रक असतं, पुढे त्याचा उपयोग शून्य, ते वाचून आजवर कुणाचं काही भलं झालेलं नाही, तरी पेटी न उघडता पुढे जाणारा माणूस मी बघितलेला नाही. मग घराला वळसा घालून मागे, अर्धवट उघडी खिडकी, स्वयंपाकघर, टेबलावरची पिशवी आणि पाण्याची बाटली, माळ्यावरची दोरी आणि सुरी, दिवाणखान्यातला पितळी कंदील आणि तलवार, गालिचा सरकव, खालचं दार उघड, कंदील लाव, उतर. बोटांना सगळं पाठ, डोक्याला कुणी विचारत नाही. आणि उतरल्या उतरल्या वरचं दार धाडकन बंद होऊन बाहेरून कुणीतरी कडी घालतं. परवाही पोटात जरा हललंच.

लहानपणी आमच्यात कामाची वाटणी ठरलेली. दादा टाइप करणार, मी नकाशा काढणार. कीबोर्डला हात लावायचा नाही हा नियम अर्थातच त्याने केलेला, कारण तो मोठा. मी शेजारच्या स्टुलावर, मांडीवर पाठकोरे कागद, हातात टोक केलेली पेन्सिल, समोर काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. खोली म्हणजे चौकोन, वाट म्हणजे रेघ. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्याच घराने माझी वाट लावलेली. घराच्या पश्चिमेकडून उत्तरेला गेलात की घराच्या उत्तर बाजूला पोचता, इथपर्यंत ठीक, पण परत यायला दक्षिण म्हटलं तर म्हणतं खिडक्यांना फळ्या आहेत! परत यायचं तर पश्चिम म्हणायचं. म्हणजे ती वाट तिरकी जाते हे आज कळतं. तेव्हा मी फक्त खोडत बसले, कागदाला भोक पडेपर्यंत, आणि दादा म्हणत होता, "तुला साधं उत्तर-दक्षिण कळत नाही का गं?"

त्या मशीनला मेमरी तुटपुंजी होती, त्यामुळे गोष्टीचा पुढचा तुकडा लागेल तसा फ्लॉपीवरून वाचला जायचा. एंटर दाबलं आणि लगेच उत्तर आलं तर काही विशेष नाही. पण ड्राइव्ह गुरगुरायला लागला की दादा हात वर करायचा, गप्प, काहीतरी मोठं येतंय. आणि खरंच मोठा परिच्छेद यायचा, नवी दरी, नवा धबधबा, किंवा आपण मेलो. आता सगळं निमिषात येतं आणि मरणसुद्धा त्यामुळे थोडं स्वस्त झाल्यासारखं वाटतं.

दादाचं टायपिंग म्हणजे दोन बोटांचा खेळ, स्पेलिंगचा आनंद होता. एकदा त्याने मेलबॉक्सच्या शेवटी भलतंच काहीतरी ठोकलं आणि तरी पेटी उघडली. मग आम्ही संध्याकाळभर फक्त तेच केलं, शब्दांच्या शेपट्या कापायच्या आणि बघायचं कुठपर्यंत चालतं. शोध असा लागला की ते शब्दाची पहिली सहाच अक्षरं बघतं, पुढचं तुम्ही काहीही लिहा, त्याला घेणंदेणं नाही. कंदिलाचा इंग्रजी शब्द पुरा लिहायचे कष्ट त्यानंतर आमच्या घरात कुणी घेतले नाहीत. दुसरा लाडका उद्योग म्हणजे उगीच उड्या मारायच्या. उडी मार म्हटलं की कधी ते विचारायचं, मजा येतेय का, कधी म्हणायचं, आता मी टाळ्या वाजवू की काय, आणि एकदा म्हणालं, छान, आता दुसरीच्या वर्गात जायला हरकत नाही. मी तेव्हा पाचवीत होते. तो अपमान मी विसरलेली नाही.

सहा अक्षरांची कंजुषी का, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. मूळ झॉर्क एमआयटीतल्या चौघांनी १९७७ ते १९७९ च्या दरम्यान पीडीपी-१० नावाच्या एका भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर लिहिलं. ते घरगुती कॉम्प्युटरमध्ये मावणं शक्यच नव्हतं, आणि घरगुती कॉम्प्युटर तरी कुठे एक होता, टीआरएस-८०, ॲपल टू, अटारी, पुढे कमोडोर, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. तेव्हा १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनीच्या जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी काय केलं, तर एक काल्पनिक कॉम्प्युटरच ठरवून टाकला. झी-मशीन. तो कुणी कधी बनवला नाही, बनवायचाही नव्हता. गेम त्या नसलेल्या मशीनसाठी लिहायचा आणि प्रत्येक खऱ्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम ठेवायचा, जो तेवढ्यापुरतं ते मशीन असल्याचं सोंग आणेल, म्हणजे इंटरप्रिटर. अक्षरंही अशी कोंबायची की दोन बाइटमध्ये तीन बसतील, आणि ओळखायच्या शब्दाला जागा चारच बाइटची, म्हणून सहा अक्षरं. आणि मूळ गेमचे तुकडे करायचे, त्यातला पहिला १९८० मध्ये बाजारात आला.

यातली गंमत माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या मशीनना खरे खिळे, खरी बटणं होती ती सगळी माळ्यावर किंवा म्युझियममध्ये गेली. इन्फोकॉम १९८६ मध्ये विकली गेली, १९८९ मध्ये बंदही पडली. आणि जे मशीन कधी नव्हतंच ते माझ्या लॅपटॉपवर परवा दुपारी तक्रार न करता सुरू झालं. हौशी लोकांनी ते बाहेरून चाचपून चाचपून समजून घेतलं, १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सनने इन्फॉर्म ही असे गेम लिहायची भाषा काढली आणि त्यातून नवे गेम पुन्हा त्याच मशीनसाठी लिहिले जायला लागले, आणि १९९५ मध्ये स्टेफान योकिशचं फ्रॉट्झ आलं. फ्रॉट्झ हे नाव इन्फोकॉमच्याच एन्चँटर या गेममधल्या मंत्राचं, तो म्हटला की वस्तू उजेड द्यायला लागते. अंधारात ग्रू नावाचा प्राणी खाऊन टाकतो अशा जगातल्यांना प्रोग्रॅमला नाव ठेवायला दुसरं काय सुचणार.

त्याच फोल्डरमध्ये आमची सेव्ह फाइलसुद्धा सापडली, दादाच्या नावाची. ती मात्र उघडली नाही. जुन्या इंटरप्रिटरने सेव्ह केलेलं नव्याला वाचता येत नाही, तो फॉरमॅटच वेगळा. म्हणजे गोष्ट जशीच्या तशी आली पण आम्ही तिथे कुठवर पोचलो होतो ते गेलं. दादाला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं, तो कंदील विझत आला होता."

कंदिलाची बॅटरी संपते, पण एंटर दाबल्यावरच. हे मला फार आवडतं. तुम्ही काही म्हणेपर्यंत तिथे वेळ जातच नाही. कुऱ्हाड उगारलेला ट्रोल नावाचा राक्षस समोर असतो, आपण उठून फोन घेतो, कपडे वाळत घालून येतो, दोन दिवसांनी परत येतो, तो तसाच, कुऱ्हाड तशीच. हल्लीचे गेम कसे पाठीमागे लागतात, रोज या, नाही आलात तर अमुक बुडेल. हे काहीच म्हणत नाही. आणि न कळलेलं न कळलं म्हणून सांगतं, हा शब्द मला माहीत नाही, बस. कुठल्याही वाक्याला मान डोलवणाऱ्या मशीनशी दिवसभर बोलल्यावर संध्याकाळी असा तोंडावर नकार मिळाला की बरं वाटतं.

मोबाइलवरही इंटरप्रिटर आहेत, मी वापरून बघितले, पण मोबाइलचा कीबोर्ड आणि मी, आमचं जमत नाही. मी इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे जवळ काय काय आहे ते बघायला, नुसता आय टाइप करते, तो त्याचं वाक्य करायला बघतो. एक्स वाय झेड झेड वाय टाइप केलं तर त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. तो मंत्र झॉर्कमधला नव्हेच, त्याच्याही आधीच्या ॲडव्हेंचर नावाच्या गेममधला. विल क्राउदर नावाच्या प्रोग्रॅमरला गुहांचं वेड होतं. तो आणि त्याची बायको पॅट्रिशिया केंटकीतल्या गुहा मोजायचे, मोजमापं कॉम्प्युटरला घालून नकाशे काढायचे. १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ज्या तुकडीने शोधलं त्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघं वेगळे झाले, गुहा सुटल्या, आणि त्याने १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींना खेळता यावं म्हणून त्या माहितीतल्या गुहेचाच एक गेम लिहिला, हाच तो ॲडव्हेंचर, फोरट्रान भाषेत. मग स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सला तो सापडला. परवानगी विचारायची तर लेखकाचा पत्ता नाही, म्हणून त्याने तेव्हाच्या नेटवर्कवर जितकी मशीन होती त्या प्रत्येकावर क्राउदर नावाने मेल टाकला! आणि मिळाला की माणूस. १९७७ मध्ये वुड्सने गेम वाढवला तो मग सगळीकडे पसरला.

म्हणजे आधी नकाशा होता, गेम नंतर झाला. हे वाचलं तेव्हा मला उगीचच मोठेपणा आला, की कीबोर्ड दादाकडे होता खरा, पण मुख्य खातं माझ्याकडे होतं. आजही माझा तोच हट्ट आहे. आपोआप नकाशा काढणारे प्रोग्रॅम मिळतात, छान असतात, मी ते लावत नाही. पाठकोरा कागदच लागतो, पेन्सिलच लागते, आणि खोल्यांची नावं चौकोनाच्या आतच बसली पाहिजेत. ज्या वाटेने अजून गेले नाही तिथे रेघेच्या टोकाला बारीक टिंब. कधी कधी तर टिंब वाढवायलाच जाते, गोष्ट राहते बाजूला. खेळणारी माणसं खजिना काचेच्या कपाटात ठेवून साडेतीनशेपैकी गुण मोजतात, मी कागद उताणा-पालथा करून बघते की कुठली रेघ कुठल्या रेघेवरून गेली. अनडू वापरत नाही, सेव्ह क्वचित करते. याला कारण नाही. मेल्यावर पहिल्यापासून जावं असं वाटतं, एवढंच.

आणि झॉर्कमधला भूलभुलैया. सगळ्या खोल्यांचं वर्णन अक्षर न अक्षर सारखं, त्यामुळे उपाय एकच, प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत जायची आणि वस्तूवरून खोली ओळखायची. आम्हीही टाकलेल्या. इथे सुरी, इथे बाटली, इथे दोरी, मी चौकोनांत नीट लिहून ठेवलेलं. पुन्हा फिरून आलो तर सुरीच्या खोलीत काहीच नाही, आणि सुरी भलतीकडेच. दादा कागदाकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी रडकुंडीला आले, सांगत होते मी बरोबर लिहिलंय, मी बरोबर लिहिलंय, आणि तो म्हणाला, नवीन कागद घे आणि या वेळी लक्ष दे. नवीन कागदावरही तेच झालं.

परवा त्याच भूलभुलैयात सुरी टाकून दोन खोल्या पुढे गेले तर पडद्यावर ओळ आली, लांबून कुणीतरी म्हणतंय, अरेच्चा, इतकी छान सुरी इथे काय करतेय बरं. ही ओळ तेव्हाही यायची! आम्ही ती वाचून हसायचो आणि पुढे जायचो. तो चोर होता. आमच्या मागून फिरून तो एकेक वस्तू उचलत होता, दुसरीकडे टाकत होता, वर मोठ्याने बोलून सांगतही होता, आणि बोलणी मी खात होते. दादाला स्क्रीनशॉट पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

चोराला मारता येतं म्हणा, पण गुण कमी असताना तोच आपल्याला लोळवतो. आणि शिवाय झाडावरच्या घरट्यातलं ते रत्नजडित अंडं न फोडता उघडणं फक्त त्यालाच जमतं, आपण उघडायला गेलो की आतलं सगळं मोडतं. तेव्हा तूर्त त्याला काही करायचं नाही असं ठरवलंय. अंडं नेऊ दे, बाटली नेऊ दे, सुरी तर नेलीच आहे. लसूण मात्र खाली ठेवत नाही, पुढे वटवाघूळ आहे.